द्राक्षाच्या टोळीत कोणाला कोणतं काम द्यावं, आणि ते न्यायानं कसं द्यावं

ऑक्टोबर छाटणी उरकली की नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी, निफाड, चांदवडच्या पट्ट्यात कामाला उसंत राहत नाही. पेस्ट (काडीच्या डोळ्यांना औषध लावणं), फेलफूट (घड नसलेल्या फुटी काढणं), डिपिंग (घड संजीवकाच्या द्रावणात बुडवणं), विरळणी (थिनिंग, म्हणजे घडातले जास्तीचे मणी काढणं), मग काढणी आणि पॅकिंग. प्रत्येकाचे दिवस मोजके, आणि एक काम लांबलं की पुढची सगळी रखडतात. या घाईत पेठ, सुरगाणा, हरसूलकडून टोळी येते किंवा गिरणाऱ्याच्या मजूर बाजारातून माणसं आणली जातात. मुकादम त्यांना एकेका ओळीला उभं करतो आणि काम सुरू होतं. एकीच्या हातून घड सुबक सुटतो, दुसरी तेवढ्याच वेळात दीडपट झाडं उरकते, तिसरीला पानाआडची भुरी (पांढरा बुरशीचा रोग) सगळ्यांच्या आधी दिसते. पण काम सगळ्यांना तेच आणि हजेरीही तीच. हंगाम संपतो तरी कोणाच्या हातात काय होतं हे कोणालाच कळलेलं नसतं.

ही माहिती मुकादम, बागायतदार आणि पॅकहाऊसचे सुपरवायझर यांच्यासाठी आहे. माणसाचा गुण ओळखणं हे अर्धं काम. त्या गुणानं बागेचा जो फायदा झाला त्यातला वाटा त्या माणसाकडे परत जातो का, हे बघणं उरलेलं अर्धं. पहिलं अर्धं बरेच जण करतात. दुसरं राहून जातं, म्हणून चांगले हात पुढच्या वर्षी दुसऱ्या बागेत दिसतात.

पहिले दोन दिवस बघण्यात घालवा

टोळी आली की लगेच कामं वाटू नका. विरळणीचं उदाहरण घेऊ, कारण हाताचा फरक तिथे सर्वांत ठळक दिसतो. एकाच जातीची, एकाच वयाची, साधारण सारखाच माल असलेली एक ओळ निवडा. प्रत्येकाला सलग ५ झाडं द्या आणि झाडाला नावाची चिठ्ठी बांधा. हे कशासाठी चाललंय ते आधीच उघड सांगा: "कोणाला कुठलं काम सोयीचं पडतं ते बघतोय, यावरून कोणाची हजेरी कापणार नाही." न सांगता पारख केली की माणसं घाबरतात, घाईनं कात्री चालवतात आणि तुम्हाला त्यांचा खरा हात दिसत नाही.

त्याआधी नमुन्याचे तीन घड ओळीच्या तोंडाला टांगा: एक कमी विरळलेला, एक जास्त विरळलेला, एक बरोबर. घडात किती मणी ठेवायचे तो आकडा जातीवर, काडीवरच्या पानांवर आणि माल कुठे जाणार यावर ठरतो, म्हणून तो तुमच्या सल्लागाराकडून किंवा निर्यातदाराकडून घ्या. पण तोंडी आकडा सांगून हाताला काही कळत नाही. कुठली पाकळी (घडाची बाजूची फांदी) काढली, कुठली ठेवली, आतले मणी किती सोडले हे घडावर बोट ठेवून दाखवावं लागतं.

मग चार गोष्टी बघा. घडात राहिलेले मणी, प्रत्येकाचे दोन-दोन घड मोजून. कात्रीच्या जखमा. लागलेला वेळ. आणि दुपारी ३ नंतरचा हात. या शेवटच्या गोष्टीकडे कोणी फारसं बघत नाही. सकाळच्या पहिल्या तासात सगळेच झपाट्यानं चालतात. मांडवाखाली दिवसभर हात वर धरून काम केल्यावर दुपारी कोणाचा घड सकाळसारखाच निघतो आणि कोणाचा बिघडतो, त्यावरून खरी पारख होते. तुमच्या बागेची बांधणीही लक्षात घ्या. ठेंगण्या बाईला मांडवाखाली उगाच मागे पडल्यासारखं होतं. तीच बाई वायच्या (Y आकाराच्या आधाराच्या) बागेत, जिथे घड तोंडासमोर येतो, तिथे सगळ्यांच्या पुढे असू शकते. उंचीचा दोष हाताच्या नावावर लिहू नका.

जखमांचा निकाल त्याच दिवशी लावू नका. कात्रीचं टोक लागलेला मणी त्या संध्याकाळी हिरवागारच दिसतो. तीन-चार दिवसांनी तिथे तपकिरी ठिपका उमटतो. मण्याचा देठ कापताना बुडखा लांब ठेवला असेल तर मणी फुगताना तो शेजारच्या मण्यात टोचतो, आणि ते त्याहूनही उशिरा कळतं. म्हणून चौथ्या-पाचव्या दिवशी चिठ्ठी बांधलेली झाडं पुन्हा बघा, मगच कोणाचा हात कसा ते ठरवा. पहिल्या दिवशी 'एक नंबर' वाटलेली व्यक्ती चौथ्या दिवशी अनेकदा बदलते.

विचारायचं कसं

"तुला काय काय येतं?" या प्रश्नाला टोळीत दोनच उत्तरं मिळतात: "सगळं येतं" किंवा गप्प राहणं. काम जाईल या भीतीनं कोणी नाही म्हणत नाही, आणि आपली तारीफ आपणच करणं बऱ्याच जणांना जमत नाही. त्याऐवजी असं विचारा: "मावशी, गेल्या हंगामात कुठल्या बागेत होतात, तिथे काय केलंत?" "दिवसभर दिलं तरी कंटाळा येत नाही असं काम कुठलं?" "कुठल्या कामानं रात्री हात भरून येतो?" तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सर्वांत उपयोगी पडतं, कारण ते मोकळेपणानं दिलं जातं.

हे एकेकट्याला विचारा, चहाच्या वेळी, मुकादम जवळ नसताना. मुकादमाची उचल (आगाऊ घेतलेले पैसे) अंगावर असलेला माणूस त्याच्यासमोर कुठल्याच कामाला नाही म्हणू शकत नाही. त्याचा होकार खरा धरता येत नाही. जोडपं असेल तर बाईला वेगळं विचारा, आणि शक्य असेल तर बागायतदाराच्या घरातल्या बाईनं विचारावं. नाहीतर उत्तर नवराच देतो आणि "ती करते थिनिंग" एवढ्यावर बोलणं संपतं.

पटकन न दिसणारे गुण

वेग आणि सफाई डोळ्यांना दिसते. पण टोळी चालते ती दुसऱ्याही काही गुणांवर, ज्यांना कामाचं नाव नाही आणि म्हणून दामही नाही.

सगळ्यांत मोलाची गोष्ट म्हणजे नजर. पानांच्या गर्दीत, सावलीच्या बाजूला घडावर भुरीची पांढरी पावडर धरायला लागलेली असते, किंवा खोडावर मुंग्यांची रांग चढताना दिसते आणि वर मिलीबग (पिठ्या ढेकूण) असतो. काही जणांना हे चालता चालता दिसतं. ही माणसं ओळखायची सोपी रीत आहे. सगळ्यांकडे लाल फितीचे तुकडे द्या आणि "वेगळं काही दिसलं की झाडाला फीत बांधा, काय आहे ते ओळखायची गरज नाही" असं सांगा. आठवडाभरात दोन-तीन जणांच्याच फिती कामाच्या निघतात. मात्र एक अट बागायतदारानं पाळायची: फीत बांधलेल्या झाडाकडे त्याच दिवशी जायचं, आणि काय निघालं ते बांधणारीला सांगायचं. "बरोबर बघितलंत, भुरीच होती" किंवा "ती औषधाची पावडर होती, पण बांधलीत ते चांगलं केलंत." दोनदा कोणी फिरकलं नाही की तिसऱ्यांदा फीत बांधली जात नाही. त्यानंतर तिची नजर तुमच्या बागेसाठी बंद झाली असं समजा.

दुसरा गुण शिकवण्याचा. सर्वांत चांगली विरळणी करणारी व्यक्तीच चांगली शिकवते असं नाही. तिचा हात आपोआप चालतो, तिला सांगता येत नाही. शिकवणारी व्यक्ती ओळखायला नव्या मुलीला दोन दिवस दोघींबरोबर आलटून पालटून ठेवा आणि कोणाबरोबर तिच्या चुका कमी झाल्या ते बघा. तिसरा गुण हिशोबाचा: किती क्रेट भरले, कोणत्या ओळीपर्यंत आलो, कोणाचा खाडा झाला हे न लिहिता लक्षात ठेवणारं कोणीतरी टोळीत असतंच. चौथा, भांडण थंड करण्याचा. आणि ज्याला लेबल वाचता येतं, मोबाइलवर फोटो नीट काढता येतो, त्याच्याकडे औषधांच्या नोंदी द्या. निर्यातीच्या बागेत फवारणीची नोंद आणि शेवटच्या फवारणीपासून काढणीपर्यंत सोडायचे दिवस यात चूक झाली तर औषधांच्या अवशेषांच्या तपासणीत सगळा माल अडकतो.

पैशाचा हिशोब आधी

इथेच बहुतेक ठिकाणी अन्याय होतो, आणि तो कोणी मुद्दाम करत नाही. उक्त्या कामाची (सगळ्या कामाची मिळून एकच रक्कम ठरवण्याची) रचनाच तशी आहे.

समजा विरळणीचं उक्तं एकराला १८,००० रुपये ठरलं, टोळीत १२ जण आहेत आणि ३ दिवस लागले. ३६ हजेऱ्या झाल्या, प्रत्येकाच्या वाट्याला दिवसाला ५०० रुपये. (दर गावागणिक, वर्षागणिक बदलतात, इथले आकडे फक्त हिशोब दाखवण्यापुरते.) आता तुम्ही दोघींना सगळ्यांच्या ओळी पुन्हा तपासायला लावलं, एकीला नव्या मुलींना शिकवायला सांगितलं, एकीला फिती बांधत फिरायला. या चौघींची स्वतःची झाडं मागे पडली. बाकीच्या म्हणणार, "या फिरतात आणि काम आम्ही ओढतो." म्हणजे ज्यांच्याकडे गुण निघाला त्यांनाच टोळीत बोलणी खावी लागली. पुढच्या वेळी त्या गुण लपवतील.

यावर काही मुकादम १८,००० मधूनच थोडे काढून त्या चौघींना जास्त देतात. ते चुकीचं आहे, कारण मग इतर आठ जणींच्या ताटातून काढून दिल्यासारखं होतं. सफाईचा फायदा बागायतदाराला होतो: पॅकहाऊसला घडाची छाटाछाट कमी लागते, माल कमी बाद होतो. तेव्हा वरचा पैसा बागायतदारानं घालायचा. चौघींना दिवसाला १५० रुपये जास्त धरले तर ३ दिवसांचे १,८०० रुपये होतात. त्यांची हजेरी ६५०, बाकी सगळ्यांची ५०० तशीच राहते. हा आकडा काम सुरू व्हायच्या आधी, सगळ्या टोळीसमोर, कोणत्या कामाला किती हे नाव घेऊन सांगा. शेवटच्या दिवशी एकीच्या हातात गुपचूप दिलेली नोट बक्षीस ठरते, आणि बक्षिसामागे वशिल्याचा संशय येतोच.

फक्त वेगावर जास्त पैसे लावू नका. झाडामागे दर लावला की आतले मणी तसेच राहतात, घड बाहेरून मोकळा आणि आतून दाटलेला दिसतो. पुढे फवारणी आत पोहोचत नाही, मणी एकमेकांना दाबून फुटतात आणि कूज लागते. वेगवान हात असलेल्याला फेलफूट काढणं, काडी बांधणं, क्रेट वाहणं अशी कामं द्या, जिथे वेगानं नुकसान होत नाही.

बाई आणि पुरुष यांना सारख्या कामाला सारखी मजुरी द्यायची हे १९७६ पासून कायद्यानं बंधनकारक आहे. द्राक्षात पळवाट अशी निघते की कामाचंच नाव बदलतं. विरळणी, म्हणजे सगळ्या हंगामातलं सर्वांत नाजूक काम, 'बायकांचं काम' म्हणून कमी दरात बसतं, आणि पाइप ओढणं 'गड्याचं काम' म्हणून जास्त दरात. दर ठरवताना विचारायचा प्रश्न एकच: हे काम बिघडलं तर माझं किती बिघडतं? विरळणी बिघडली तर ती परत जुळवता येत नाही.

सोसणं म्हणजे गुण नव्हे

प्रत्येक टोळीत एक-दोन जण असे असतात की ज्यांना काहीही सांगा, ते करतात. उन्हाची ओळ, ओली ओळ, सर्वांत लांबची ओळ त्यांच्याच वाट्याला येते आणि त्याला 'मजबूत आहे', 'त्याला चालतं' असं म्हटलं जातं. तक्रार न करणं ही पुष्कळदा नाइलाजाची खूण असते: उचल जास्त असते, गावचं कोणी सोबत नसतं किंवा भाषा नीट समजत नसते.

छाटणीनंतर काडीच्या डोळ्यांवर लावायच्या पेस्टचं काम बघा. त्यातलं हायड्रोजन सायनामाइड कातडी भाजतं, आणि ते अंगात गेलेलं असताना दारू घेतली तर तोंड लाल होणं, धडधड, दम लागणं असा त्रास होतो. हे काम 'धीट' पोराला उघड्या हातानं देणं हा सरळ धोका आहे. हातमोजे, पूर्ण बाह्या, डोळ्यांना चष्मा द्या, आणि दारूबद्दलची सूचना आदल्या दिवशीच सगळ्यांना समजेल अशा बोलीत द्या. कामाच्या आधीही दारू नाही आणि नंतरचे काही दिवसही नाही. फवारणीलाही तेच. डिपिंगमध्ये दिवसभर हात द्रावणात राहतात, म्हणून जोड्या लावा आणि अर्ध्या दिवसानं बदला.

यासाठी वहीत एक पान राखून ठेवा: कोणती ओळ, कोणतं काम, कोणाला दिलं. आठवड्यानं ते पान वाचलं की नकोशी कामं कोणाच्या नावावर साचली ते लगेच दिसतं. डोक्यात ठेवलेला हिशोब नेहमी आपल्यालाच सोयीचा निघतो.

चांगल्या हाताला अडकवून ठेवू नका

एकदा कोणाचा हात चांगला निघाला की तिला तेच काम सकाळपासून संध्याकाळपर्यंत, काढणी होईपर्यंत दिलं जातं. महिन्याभरात मनगट दुखतं, सफाई जाते, आणि तिला दुसरं काही शिकायलाही मिळत नाही. जेवणाच्या सुट्टीपर्यंत तिला तिच्या गुणाचं काम द्या. नंतर एखादी शिकाऊ तिच्या जोडीला द्या किंवा तिनं स्वतः मागितलेलं काम. छाटणी हे काम बहुतेक टोळ्यांत पुरुषांकडेच असतं. ज्या बाईला काडीचा अंदाज आहे तिला जुन्या छाटणाऱ्याबरोबर चार ओळी करू द्या. हे शिकण्याचे तास पुऱ्या हजेरीत धरा. फुकट शिकायला सांगितलं तर ज्याच्या घरी आजच्या मजुरीवर चूल पेटते तो शिकणारच नाही.

पॅकहाऊसमध्ये

इथे साखळी असते: ट्रिमिंग (खराब मणी कापून घड साफ करणं), वजन, पनेट (छोटा डबा) भरणं, पेटी, कूज रोखणारा सल्फर डायऑक्साइडचा पॅड, मग प्रीकूलिंग (माल झटपट थंड करणं). नाजूक हात ट्रिमिंगला लावा. ओळखायची खूण अशी की ती व्यक्ती घड देठालाच धरते आणि मण्यावरची नैसर्गिक पांढुरकी पावडर पुसली जात नाही. वजनाला अंदाजाचा माणूस लावा. ५०० ग्रॅमच्या पनेटला दोनदा घड काढ-घाल करणाऱ्यापेक्षा पहिल्याच उचलीत जवळ पोहोचणारा. घड जितक्या वेळा उचलला जातो तितकी मणीगळ वाढते. ट्रिमिंगवाल्यांची जागा दर दोन तासांनी बदला, डोळे थकतात.

अनेक पॅकहाऊसमध्ये पेटीवर पॅकरचा क्रमांक असतो. तक्रार आली की तो क्रमांक शोधला जातो. तोच क्रमांक चांगल्या शेऱ्यासाठीही वापरा: माल उत्तम पोहोचला असं कळलं की त्या पेट्यांचे क्रमांक वाचून दाखवा आणि त्या घडांची विरळणी करणाऱ्या टोळीलाही कळवा. बागेतल्या बाईपर्यंत ही बातमी सहसा पोहोचतच नाही.

आणि पॅकरवर दोष ठेवण्याआधी मागची साखळी तपासा. मणी गळाले तर: काढणी सकाळी ऊन चढायच्या आत झाली होती का? क्रेट बांधावर उन्हात किती वेळ थांबले? प्रीकूलिंगला किती तास उशीर झाला? क्रेट काठोकाठ भरले होते का? या चारांपैकी एक जरी बिघडलं असेल तर पॅकरचा हात कसा आहे ते तुम्हाला अजून कळलेलंच नाही.

बोलावं कसं, आणि कुठे फसतं

चूक एकट्याला दाखवा, घड हातात घेऊन. "ताई, ही खालची पाकळी राहिली, ती काढून दाखवा बरं," एवढं पुरतं. कौतुक सगळ्यांसमोर करा, पण कामाचं नाव घेऊन. "तुम्ही फार हुशार" यातून कोणाला काही शिकता येत नाही. "काल तिसऱ्या ओळीत यांच्या घडाला एकही जखम नव्हती" यातून बाकीच्यांना काय करायचं ते कळतं.

फळ्यावर एक नंबर, दोन नंबर लिहू नका. सफाई सोडून सगळे वेगावर येतात आणि तळातल्या दोघी काम सोडतात.

सर्वांत चांगल्या कामगाराला लगेच मुकादम करू नका. दोन्ही बाजूंनी तोटा होतो: चांगला हात बागेतून जातो आणि भांडणं मिटवण्याचा स्वभाव नसलेला माणूस टोळीवर येतो. आधी चार-पाच जणांची तुकडी पंधरा दिवस सांभाळायला द्या, आणि परत हातकामाकडे यायचं असेल तर कमीपणा न वाटता येता येईल असं सुरुवातीलाच ठरवा.

मुकादम आपल्या गावच्या, नात्यातल्या माणसांना सोयीच्या ओळी देतो हेही होतं. त्याला उगाच पकडायला जाऊ नका. ओळी चिठ्ठ्या टाकून वाटायची पद्धत लावा आणि गुणाच्या कामांची नावं त्याच्यासोबत बसून, चौथ्या दिवशीची झाडं दाखवून ठरवा. मुकादमाची दलाली किती हेही टोळीला माहीत असू द्या.

होळीचं आधीच बोलून ठेवा. पेठ-सुरगाण्याकडची माणसं होळीला घरी जाणारच, आणि ती काढणीच्या ऐन दिवसांत येते. जानेवारीतच प्रत्येकाला विचारून कोण कधी जाणार, कधी परतणार ते वहीत लिहा आणि त्या दिवसांची माणसं तेव्हाच ठरवा. सणाला गेलेल्या चांगल्या हाताचं काम परतल्यावर दुसऱ्याकडे गेलेलं असेल तर तो परतायची घाई करणार नाही.

हंगाम संपताना

हिशोब टोळीला एकत्र न देता प्रत्येकाला वेगळा वाचून दाखवा: हजेऱ्या किती, जास्तीच्या कामाचे दिवस किती, उचल किती वळती केली, हातात किती. बाईचे पैसे बाईच्या हातात किंवा तिच्या खात्यात. त्याबरोबर एक साधी चिठ्ठी द्या, तारीख आणि सही करून: नाव, कोणत्या जातीच्या किती एकर बागेत काम केलं, कोणतं खास काम सांभाळलं, त्या कामाचा दर काय होता. पुढच्या वर्षी दुसऱ्या बागेत गेली तरी तिला दर मागताना ती दाखवता येते. काही बागायतदारांना भीती वाटते की चिठ्ठीमुळे माणूस हातचा जाईल. ज्याला दर नीट मिळाला आणि तो लिहूनही मिळाला, तो सप्टेंबरात पहिला फोन तुम्हालाच करण्याची शक्यता जास्त. चिठ्ठीचा फोटो काढून तुमच्या वहीत चिकटवा, शेजारी तिचा फोन नंबर आणि पुढच्या हंगामात तिला शिकायचंय ते काम लिहा, आणि छाटणीच्या पंधरा दिवस आधी ते पान उघडा.